पुरवठा साखळी सुधारून देणारी सेवा: काय घ्यावं, काय सोडावं

पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी प्लॅनिंग सांभाळते. ओतकाम, म्हणजे धातू ओतून केलेले भाग, बाहेरच्या फाउंड्रीतून येतं, मशीनिंग आणि जुळणी आमच्याकडे होते, तिथून माल मुख्य गोदामात, मग विभागीय गोदामांत आणि शेवटी डीलरकडे जातो. गोदामं कायम भरलेली असायची आणि तरीही गिऱ्हाइकाला हवा तो पंप, हवं ते सील नेमकं वेळेवर नसायचं. हे वर्षानुवर्षांचं दुखणं घालवायला कंपनीने बाहेरची सेवा घेतली. त्या सेवेचे तीन भाग होते: माणसांना शिकवणं, साखळी नव्याने आखणं आणि त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर बसवून देणं. पहिले दोन भाग मी कुणालाही घ्यायला सांगेन. तिसऱ्यासाठी थांबा, असं सांगेन. संस्थेचं नाव लिहीत नाही. अशी सेवा देणारे बरेच आहेत आणि निवडताना काय पाहायचं हे कळलं, तर ते नावापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

सुरुवात त्यांनी शिकवण्यापासून केली, आणि मला वाटतं पुढचं सगळं यश त्या क्रमामुळे आलं. नकाशे, तक्ते, सूचना घेऊन ते थेट आले असते तर आमच्या लोकांनी मान डोलावली असती आणि सहा महिन्यांत जुन्याच वाटेने चालू लागले असते.

पहिल्या दिवशी टेबलावर बिअर गेम मांडला. हा खेळ १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या गटाने तयार केला, आणि आजही पुरवठा साखळी शिकवायला याच्याइतकं प्रभावी साधन मी पाहिलेलं नाही. चार जण एका ओळीत बसतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ क्रेट माल. आठवड्याला ४ क्रेट पुढे सरकतात आणि सगळं सुरळीत असतं. बोलायचं नाही, फक्त चिठ्ठीवर ऑर्डर लिहून मागच्याकडे द्यायची. चिठ्ठी पोहोचायला वेळ लागतो, माल यायला त्याहून जास्त. पडून राहिलेल्या प्रत्येक क्रेटला आठवड्याला अर्धा डॉलर आणि मागितलेल्या पण देता न आलेल्या प्रत्येक क्रेटला एक डॉलर खर्च लागतो. चौघांचा मिळून खर्च कमीत कमी ठेवायचा, एवढंच उद्दिष्ट.

आमच्या टेबलावर विक्रीप्रमुख कारखाना झाले होते आणि डिस्पॅचमधला नवा मुलगा किरकोळ विक्रेता. काही आठवडे शांततेत गेले. मग कधीतरी विक्रेत्याचा माल कमी पडू लागला, त्याने जरा जास्त मागवला. घाऊकवाल्याला वाटलं, मागणी वाढते आहे, म्हणून त्याने आणखी जास्त मागवला. वितरकाने त्यावर चढवून मागवला. माल लगेच येत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने पुन्हा मागवला. आधी मागवलेला माल वाटेत आहे, याचा हिशोब कुणाच्याच मनात राहिला नाही. थोड्या वेळाने कारखान्याच्या पुढ्यात अशा चिठ्ठ्या आल्या की विक्रीप्रमुखांनी डोक्याला हात लावला. आणि आणखी काही आठवड्यांनी तोच माल लाटेसारखा खाली आला, सगळ्यांच्या पुढ्यात ढीग लागले आणि ऑर्डरी शून्यावर आल्या.

खेळ संपल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी मागच्या तिघांना कागद दिले आणि गिऱ्हाइकाची मागणी दर आठवड्याला कशी बदलली असेल याचा आलेख काढायला सांगितलं. तिघांनीही मोठा डोंगर आणि खोल दरी काढली. मग बाईंनी मागणीची खरी पत्ती उलटी केली. सुरुवातीचे आठवडे ४, पाचव्या आठवड्यापासून ८, आणि तिथून शेवटपर्यंत ८च. मागणी एकदाच वाढली होती. बाकी सगळी उलथापालथ टेबलावरच्या चौघांनी मिळून केली होती, आणि प्रत्येकाने आपल्या जागी बसून शहाणपणानेच निर्णय घेतले होते.

एमआयटीतले प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९मध्ये या खेळावर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खेळणाऱ्या गटांचा सरासरी खर्च शक्य असलेल्या कमीत कमी खर्चाच्या सुमारे दहापट निघाला होता. बाईंनी हा आकडा आम्हाला खेळ झाल्यानंतर सांगितला, आधी नाही. आधी सांगितला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. स्टोअर्समधले आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, बराच वेळ त्या आलेखाकडे बघत होते. मग म्हणाले, "अहो, म्हणजे फाउंड्रीवाल्याला आपण इतकी वर्षं शिव्या देतोय, त्याच्यापर्यंत ही अशी चिठ्ठी जाते." त्या एका वाक्याने खरेदीविभाग आणि स्टोअर्स यांच्यातलं जुनं भांडण निम्मं मिटलं.

खेळ बऱ्याच प्रशिक्षणांत असतो आणि तिथेच संपतो. या सेवेची खरी किंमत मला दुसऱ्या दिवशी कळली. त्यांनी आमच्याच नोंदी मागवल्या आणि एका पंपाच्या तीन रेषा एकाच कागदावर काढायला लावल्या: डीलरने गिऱ्हाइकाला केलेली विक्री, डीलरने आम्हाला दिलेल्या ऑर्डरी आणि आम्ही फाउंड्रीला दिलेल्या ऑर्डरी. काढायचं काम आमच्याच माणसांनी करायचं, त्यांनी फक्त शेजारी उभं राहायचं. पहिली रेषा जवळजवळ सपाट, दुसरी वरखाली, तिसरी टेबलावरच्या त्या आलेखासारखी. हा कागद अजून प्लॅनिंगच्या भिंतीवर आहे. मागणीतला छोटा बदल साखळीत मागे जाता जाता असा फुगत जातो, याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलने लहान मुलांच्या डायपरच्या बाबतीत तो टिपला होता, आणि डायपरची मागणी तर इतकी स्थिर, की गिऱ्हाइकामुळे अशी लाट उठते असं कुणी म्हणू शकणार नाही.

स्टॅनफर्डचे प्राध्यापक हाउ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये या लाटेची चार कारणं मांडली. आमच्या वर्गात ती कारणं फळ्यावर लिहून प्रत्येकासमोर आमची उदाहरणं आम्हालाच लिहायला सांगितली. समोरच्याची ऑर्डर हीच खरी मागणी धरून त्यावर आपला अंदाज चढवणं, हे आम्ही तीन पातळ्यांवर करत होतो. ऑर्डरी साठवून एकदम देणं: आमचे डीलर महिन्यातून एकदाच, पूर्ण ट्रक भरेल एवढी मागणी पाठवायचे. किमतीतले चढउतार: महिनाअखेरच्या स्कीममुळे निम्म्याहून अधिक माल शेवटच्या आठवड्यात उचलला जायचा. आणि चौथं, टंचाईच्या वेळी फुगवून मागणी करणं. माल कमी असला की आम्ही ऑर्डरींच्या प्रमाणात वाटप करायचो, त्यामुळे ज्याला १० पंप हवे तो २० मागायचा, आणि माल मुबलक झाला की उरलेले रद्द करायचा. विक्रीतल्या एका सहकाऱ्याने उभं राहून सांगितलं की डीलरला ही युक्ती आमच्याच लोकांनी शिकवलेली आहे. खोलीत सगळे गप्प झाले, पण कुणी त्याला बसवलं नाही. वर्ग चांगला चालला आहे याची मला वाटतं ही सर्वांत चांगली खूण.

आता आखणीचं. इथे ते नुसते अहवाल देऊन निघून गेले नाहीत, हे आधी नोंदवते. चार कारणांवर चार बदल ठरले, आणि प्रत्येक बदल कुणाच्या कामात पडतो त्या माणसानेच तो मांडायचा असा नियम होता. डीलर आता ऑर्डरीसोबत दर आठवड्याची विक्री आणि शिल्लक कळवतात. महिनाअखेरची सूट काढून तीच सूट वर्षभराच्या एकूण खरेदीवर दिली. टंचाईत वाटप ऑर्डरीवर न करता मागच्या विक्रीवर करायचं ठरलं. हे जाहीर झाल्याबरोबर फुगवलेल्या ऑर्डरी आपोआप आटल्या, त्यासाठी कुणाला समज द्यावी लागली नाही. सर्वांत कठीण गेलं ते बॅच लहान करणं. मशीनचा सेटअप बदलायला तास न् तास लागत असतील तर सुपरवायझर मोठी बॅच काढणारच, त्याला दोष देऊन उपयोग नसतो. म्हणून त्यांनी आधी सेटअपचा वेळ कमी करण्यावर काम केलं: जिग (भाग धरून ठेवणारे साचे) आणि हत्यारं मशीन चालू असतानाच मांडून ठेवायची, मशीन थांबल्यावर फक्त बदलायची. बॅच लहान करा असा हुकूम त्यांनी एकदाही काढला नाही. सेटअप सोपा झाल्यावर सुपरवायझरने स्वतःच बॅच लहान केली.

मला स्वतःला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे माल कुठपर्यंत अंदाजावर बनवायचा आणि कुठून पुढे ऑर्डर आल्यावरच बनवायचा, ती रेघ नव्याने आखणं. आम्ही पंप पूर्ण जुळवून, सील आणि मोटर बसवून, विभागीय गोदामांत पाठवत होतो. पंपाचं मूळ अंग तेच, पण सीलचे प्रकार, मोटरचे प्रकार आणि फ्लँजचे प्रकार मिळून कितीतरी जोड्या होतात. त्यामुळे एका गोदामात नको त्या जोडीचे पंप धूळ खात, आणि दुसऱ्या गोदामातून नेमक्या त्याच जोडीसाठी फोन. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या डेस्कजेट प्रिंटरच्या बाबतीत हाच गुंता सोडवला होता. वेगवेगळ्या देशांना लागणारा वीजपुरवठ्याचा भाग आणि माहितीपुस्तिका त्यांनी कारखान्यात न घालता वितरण केंद्रात घालायला सुरुवात केली, आणि त्यासाठी प्रिंटरची रचनाच बदलली. रचना बदलावी लागते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. आमच्याकडेही डिझाइनवाल्यांनी सीलचं घर सगळ्या प्रकारांना सारखं केलं तेव्हाच हे जमलं. आता मुख्य गोदामात सीलशिवाय आणि मोटरशिवाय पंप उभे असतात आणि ऑर्डर आली की जुळतात. विभागीय गोदामांत फक्त नेहमी खपणारे मोजके प्रकार ठेवतो.

यामागचं गणित त्यांनी सगळ्यांकडून कॅल्क्युलेटरवर करून घेतलं, अगदी स्टोअर्समधल्या मुलांकडूनही. सारख्या मागणीची चार गोदामं, प्रत्येकाची मागणी दुसऱ्याशी न जोडलेली. ती एक केली तर सेफ्टी स्टॉक, म्हणजे चढउतारांसाठी हाताशी ठेवलेला जादा माल, निम्मा होतो, कारण एकूण चढउतार गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतात: चार गोदामांना चारपट नाही, दुप्पट. लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, १६ आठवड्यांवरून ४ वर आणला तरी तसंच, निम्मा.

पण खरा धक्का खरेदीविभागाला बसला तो दुसऱ्या उदाहरणाने. समजा आठवड्याला सरासरी १०० नग लागतात आणि मागणीचं प्रमाण विचलन (ती सरासरीपासून साधारण किती वरखाली होते याचं माप) २० आहे. एक पुरवठादार सरासरी ६ आठवड्यांत माल देतो, पण कधी लवकर, कधी उशिरा, विचलन २ आठवडे. दुसरा ८ आठवडे घेतो, पण अगदी ठरल्याप्रमाणे ८च. पहिल्याच्या बाबतीत लीड टाइमभरातल्या मागणीचं विचलन सुमारे २०६ नग येतं, दुसऱ्याच्या बाबतीत सुमारे ५७. सेफ्टी स्टॉक त्याच प्रमाणात ठेवावा लागतो, म्हणजे झटपट पण बेभरवशाच्या पुरवठादारासाठी साडेतीनपटीहून जास्त. आमच्याकडे पुरवठादार निवडताना दर आणि दिवस एवढेच रकाने होते. आता तिसरा रकाना आहे, तारीख किती पाळतो याचा.

मोजमापाचंही असंच. आमच्या प्रत्येक विभागाचा आकडा ९५ टक्क्यांच्या वर असायचा आणि बैठकीत सगळे समाधानी. त्यांनी चार कसोट्या एकत्र लावल्या: वेळेवर, पूर्ण, न बिघडलेला माल, आणि कागदपत्रं बिनचूक. चारही ९५ टक्के असल्या आणि एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर चारही कसोट्यांना उतरणाऱ्या ऑर्डरी जेमतेम ८१ टक्के. गिऱ्हाइकाला हाच आकडा भोगावा लागतो. हा आकडा एका विभागाचा नाही, म्हणून तो कुणाच्याच टार्गेटमध्ये नव्हता. आता तो विक्री, प्लॅनिंग, स्टोअर्स आणि डिस्पॅच या चौघांच्याही टार्गेटमध्ये आहे, आणि या एका बदलासाठी मी व्यवस्थापनाची मनापासून ऋणी आहे.

कमतरता सांगायला हव्यात, कारण पैसे मोजून घेतलेली सेवा आहे.

सॉफ्टवेअरचा भाग फिका आहे. पडद्यावर रंगीत चौकोन खूप, पण त्यांच्या अंदाजाच्या पद्धतीला आमचे सुटे भाग झेपले नाहीत. एखादं सील तीन महिने खपत नाही आणि मग एकदम ४० जातं. अशा तुटक मागणीसाठी वेगळी पद्धत लागते. मागणी किती काळाने येते आणि आली की किती येते, हे वेगवेगळं मोजणारी, क्रॉस्टन यांनी १९७२मध्ये मांडलेली पद्धत तर या विषयात सगळ्यांना ठाऊक आहे. सॉफ्टवेअर मात्र सगळ्याच मालाला चालती सरासरी, म्हणजे मागच्या काही काळाची सरासरी, लावत होतं. वर्गात जे शिकवलं त्याच्याशी विसंगत असं त्यांचंच सॉफ्टवेअर असावं, हे मला खटकलं आणि मी त्यांना तसं लेखी कळवलं. त्यांनी दुरुस्तीचं आश्वासन दिलं, पण आम्ही त्या भागांचं प्लॅनिंग अजून एक्सेलवरच करतो.

निदानाच्या टप्प्यात त्यांनी स्कोर मॉडेल, म्हणजे पुरवठा साखळीचं काम मांडून तपासायची एक ठरावीक चौकट, वापरलं. हे मॉडेल १९९६मध्ये सप्लाय चेन काउन्सिलने काढलं. योजना, खरेदी, उत्पादन, पोहोचवणं अशा मुळातल्या विभागांत सगळं काम बसवून सगळ्यांना एक भाषा देणं हा त्याचा गुण. पण खालच्या पातळीवरच्या शेकडो चौकटी भरून घेण्यात त्यांनी आमच्या लोकांचे फार तास घेतले आणि त्यातल्या बहुतेक चौकटी नंतर कुणी उघडल्या नाहीत. वरच्या दोन पातळ्या पुरे होत्या.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या फेरीत पुरवठादारांना आणि डीलरना बोलावलंच नाही. साखळीचं शिक्षण आणि साखळीची दोन्ही टोकं खोलीबाहेर. फाउंड्रीच्या मालकांना हा खेळ आमच्या आग्रहावरून नंतर खेळायला मिळाला, आणि खेळून झाल्यावर त्यांनी आपल्या भट्टीचं आठवड्याचं वेळापत्रक स्वतःहून आम्हाला पाठवायला सुरुवात केली. हे काही महिने आधी झालं असतं तर ओतकामाच्या ऑर्डरी तेव्हाच सावरल्या असत्या. रात्रपाळीच्या लोकांचंही तसंच. वर्ग दिवसपाळीत, त्यामुळे डिस्पॅचची अर्धी माणसं जुन्याच पद्धतीने गाड्या भरत राहिली, आणि कुणी त्यांना समजावलं नाही तर त्यांनी तरी काय करावं?

शेवटची परीक्षा आणि प्रमाणपत्रं हा भाग झटपट उरकला तरी चालेल.

धोक्याच्या सत्राबद्दल दोन शब्द. एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा मुद्दा त्यांनी २००० सालच्या आगीवरून शिकवला. मार्चमध्ये अल्बुकर्कीच्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली, आग लहान होती आणि लवकर विझली, पण धुराने चिप बनवायच्या धूळमुक्त खोल्या बिघडल्या. तिथून चिप घेणाऱ्या दोन मोबाइल कंपन्यांपैकी नोकियाने बातमी कळताच दुसरीकडून चिप मिळवायची धावपळ केली, एरिक्सन थांबून राहिली आणि मोठ्या तोट्यात गेली. गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांनी पुढे विचारलेला प्रश्न मात्र कामाचा होता: तुमच्या पुरवठादाराकडे उद्या आग लागली तर ती बातमी तुमच्या कंपनीत पहिल्यांदा कुणाला कळेल आणि त्याला पुढे कुणाला सांगायचा अधिकार आहे? आमच्याकडे याचं उत्तर नव्हतं. आता प्रत्येक महत्त्वाच्या भागासमोर एका माणसाचं नाव लिहिलेलं आहे.

ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांनी करार करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवायला कोण येणार: विकायला आलेली माणसं, की ज्यांनी स्वतः गोदाम किंवा प्लॅनिंग चालवलं आहे ती? आमच्या बाई अनेक वर्षं वितरण केंद्र सांभाळून या कामात आल्या होत्या, आणि डिस्पॅचच्या मुलांनी त्यांना पहिल्या तासातच आपलं मानलं. दुसरं, उदाहरणं आमच्या नोंदींवर घेणार का? नाही म्हणाले तर पुढे बोलू नका. तिसरं, पुरवठादार, डीलर आणि रात्रपाळी पहिल्या फेरीत असतील का, आणि हे करारात लिहून देणार का?

आम्ही शिकवण्याचा भाग पुन्हा घेतला आहे, या वेळी डीलर आणि पुरवठादारांसाठी, आणि खेळ चालवायला आमचे काका बाईंसोबत उभे राहणार आहेत. सॉफ्टवेअरचं नूतनीकरण तूर्त थांबवलं आहे. तुटक मागणीची दुरुस्ती करून दाखवली तर पुन्हा बघू.